आधी सही

पतपेढीच्या तीन नंबरच्या खिडकीत
एकोणीस वर्षं मी जामीनदारांना सांगत आले:
आकडा भरल्याशिवाय सही करू नका, भाऊ.
लोक हसतात.
म्हणतात, मॅडम, तुम्ही आहात ना.

आणि काल रात्री, घणसोलीत,
यामिनीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.
एकाच कॉलेजला अर्ज, सगळ्यांच्या आधी.
त्यांनी हो म्हटलं तर जायचंच,
बाकीचे अर्ज मागे.
मुलीची सही, शाळेची सही, पालकाची सही.

पैसे किती देणार ते?
ते नंतर कळतं, आई. निवडीच्या पत्रासोबत.
आणि कमी दिले तर?
तर सुटता येतं. लिहिलंय तसं.
कुठे लिहिलंय?
ती बोटाने खाली खाली जात राहिली
बारीक अक्षरापर्यंत.

जानेवारीत दहा ठिकाणी टाकला असता
तर दहा आकडे शेजारी शेजारी मांडून बघितले असते,
मी पापलेट घेते तसे, कल्ला उचलून.
पण आधी मागणाऱ्याला जागा जास्त, म्हणते ती.
आधी कोण मागतं?
ज्याला भाव विचारावा लागत नाही तो.

पैशांचा फॉर्म वेगळा. ती तर झडतीच.
जनार्दनचा टेम्पो किती सालचा.
माझ्या फंडात किती.
सोनं विचारलं नव्हतं,
तरी माझा हात गळ्याशी गेला.
घराची किंमत, डॉलरमध्ये.
काय लिहू? सिडकोच्या कागदावर हे घरच नाही.
तीन मजले, खाली भाड्याने दिलेलं सलून,
आणि सरकारी भाषेत नाव:
गरजेपोटी बांधलेलं.
आई, तेच तर विचारताहेत, यामिनी म्हणाली,
गरज आहे का.
आम्ही दोघी हसलो. जरा जास्तच हसलो.

सासरे पलंगावर जागेच होते.
त्यांच्या बापाने भाताच्या शेतावर अंगठा दिला होता,
शहर येतंय म्हणून. भाव मागाहून कळला.
"पयला भाव इचार गो, मंग सही कर."
मग भिंतीकडे वळून, बऱ्याच वेळाने:
"त्या गावान भात भेटतं का?"

तिकडची मध्यरात्र म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ.
नऊ वाजता मी डब्याचं झाकण लावलं,
हात पुसले.
सही म्हणजे नुसतं नाव टाइप करायचं होतं.
मी केलं, एकेक अक्षर, एका बोटाने.
अंगठ्याशेजारच्या.
यामिनीने दोनदा वाचलं आणि पाठवलं.
कुणीच काही बोललं नाही. खाली सलूनचं शटर वर गेलं.

दहा वाजून पाच मिनिटांनी
एक बाई आली, भावाच्या रिक्षासाठी जामीन राहायला.
तिच्या फॉर्मवर आकडा नव्हता.
मी पेन हातात धरून ठेवलं.
म्हटलं, बसा जरा.