बोटुकली

नेलकरंजीच्या शेततळ्यात
दोन हजार सोडलीत म्हणे.
पावतीवर आहेत. पाण्यावर नाहीत.

गजराक्का रोज सातला येते,
पेंड भिजवून, कोंडा कालवून.
डब्यावर काकण वाजवते
आणि मूठ सोडते.
हिरवट पाणी पेंड गिळतं,
वर काही येत नाही.

पोहता तिला येत नाही. घरात मासा कुणी खात नाही.
"तळ्यालाच जेवू घालतीस व्हय," दीर हसतो.

अकराव्या दिवशी
विसरलेला डबा घ्यायला मागं वळली, तर
काळ्या कागदालगत
पाणी खाजवल्यासारखं हललं.
एक तोंड. शर्टाच्या काजाएवढं.
मग दुसरं.

ती मोजत बसली नाही.
डब्याच्या तळाला चिकटलेलं
बोटानं खरवडलं,
तेही दिलं.