अनुस्वार

"पडलो," म्हणाला तो, आणि फोन काउंटरवर ठेवला
पालथा.
यंदाचा तिसरा डिस्प्ले.
डिचोलीच्या बसस्टँडमागे आठ बाय सहाचं माझं दुकान,
बावीस वर्षं मी पडलेले फोन बघतोय:
न्हाणीत पडलेले, स्कूटरवरून, फेरीबोटीच्या फळीवर.
पडलेल्या फोनचा आधी कोपरा जातो.
ह्याचे चारही कोपरे शाबूत,
काचेच्या मधोमध एक खळगा
आणि तिथून निघालेल्या रेषा, अगदी कडेपर्यंत.

आमच्या कोकणीत फोन पडतो तेव्हा "पडलो".
आपण पडतो तेव्हा "पडलों".
नाकातल्या नाकात एवढासा फरक.
त्याने कुठलं म्हटलं, मला नीट कळलं नाही.
रस्त्यावरून ट्रक जात होता.

"स्पीकर काढा."
सायलेंट करून देऊ?
"न्हय. काडूनच उडयात. थरथरतं तेंय."
मग काचेकडे बघत:
"उजेड सगळ्यात खाली नेला तरी भिंतीवर पडतो.
त्याच्याखाली अजून असतो?"

ह्याच्या बापाला मी ओळखतो. उल्हास मळीक,
सारमानसच्या फेरीवर दोर टाकतो.
मासळीची पाटी घेतलेल्या बायांना हात देऊन चढवतो,
मलाही दिलाय पावसात एकदा. घट्ट हात.
गेल्या महिन्यात इथे, ह्याच काउंटरवर टेकून म्हणाला,
"नाद लागलाय पोराला. तू सांग, तुझं ऐकेल."

पोर म्हणतं, नाद काढून टाका.

कव्हर काढलं तर आत आठ घड्या घातलेलं शाळेचं पत्रक:
मोबाइल दिवसातून फक्त दोन तास, पालकांशी मोकळेपणाने बोला.
बॅटरीचा हिशोब सांगतो, अकरा तास चाळीस मिनिटं.
त्यातली बरीचशी रात्रीची.
एकच खेळ. निर्मनुष्य बेटावर घर बांधायचा.
तपासायला म्हणून उघडला, तर तडे गेलेल्या काचेखाली
ह्याची एवढीशी खोली,
तिच्यात जायला सात दारं, एकापाठोपाठ एक,
सगळ्यांच्या कड्या आतून.

खरं तर मी ते बघायला नको होतं.

मी बारा वर्षांचा असताना माझ्याकडे मोबाइल नव्हता.
काकाचा बंद पडलेला रेडिओ होता, आणि खाट.
वर बापूस असायचा, आवाजासकट,
खाली मी स्क्रू काढायचो, ओळीने मांडायचो, परत लावायचो.
रेडिओ कधी सुरू होऊ दिला नाही.
लोक म्हणायचे, काय कला आहे पोराच्या हातात.
कुणी विचारलं नाही, हा जेवायलाही खाटेखालून का निघत नाही.
रेडिओच्या नादाला नाद म्हणत नसत तेव्हा.

नवा डिस्प्ले माझ्या खणात होता.
वीस मिनिटांचं काम.
म्हटलं, साईल, तीन तास लागतील. बस.
तो बसला. स्टुलावर नाही, काउंटरच्या आतल्या बाजूला, खाली,
वायरींच्या खोक्यापाशी, भिंतीला पाठ लावून.
हात मोकळे होते त्याचे, आणि काय करायचं त्यांचं
ते त्याला कळेना.
मी एक मेलेला फोन दिला आणि स्क्रूड्रायव्हर.
काही बोललो नाही. मला बोलता येत नाही ह्या विषयावर,
पन्नाशी आली तरी.

स्पीकर काढला नाही मी. तारही तोडली नाही.
बाहेर दिवे लागले.

पावतीवर एक रकाना असतो: बिघाडाचं कारण.
लिहिलं, पडलो.
पेन तसंच धरून बसलो "लो"च्या वर,
मग टेकवलं.

त्याने पावती घेतली. वाचली.
पाच अक्षरी मोबाइलचं नाव आणि एक शब्द,
त्याला वाचायला किती वेळ लागावा?
खोडायला सांगितलं नाही.
घडी घालायला लागला.
आठची फेरी एव्हाना सुटली असेल,
कुणाला तरी हात देत असेल तो.

"उद्या," मी म्हटलं, "परत एकदा बघायला लागेल हा.
शाळा सुटली की ये."