बर्फाची जाडी, सेंटिमीटरमध्ये

रात्री कधीतरी यंत्राने स्वतःला सुधारून घेतलं.
सकाळी विर्वेने कोट न काढताच
हेल्डुरच्या फाईलवर दोनदा टिचकी मारली,
आणि पडद्यावर एक सभ्य वाक्य आलं:
ही डिस्क इमेज ओळखता येत नाही.

काल येत होती.
काल याच टेबलावर, याच बोटांखाली
चौऱ्याण्णवचा जानेवारी उघडला होता:
हाप्सालूचा किनारा, पलीकडे वोर्म्सी बेट,
मधे गोठलेल्या समुद्रावरून जाणारा रस्ता
आणि रोज पहाटे त्याला भोक पाडून
काठी घालून बघणारा हेल्डुर.
बावीस भरले तर गाड्या, सायकली सोडायच्या.
एकवीस असेल तर हात आडवा,
समोर डॉक्टर असो नाहीतर सख्खा मेहुणा.

आज माउंट होईना.
फाईल कुठे फाटलेली नाही, चेकसम जुळतोय,
बाइट न् बाइट जागच्या जागी,
पण उघडेना, चढेना, बधेना.

टालिनचा ओट फोनवर म्हणाला,
तो जुना प्रकार काढून टाकलाय हो आता.
वापरणारे असे उरलेत किती?
विर्वेने मनात मोजलं.
एक.

तळघरात, निवडणुकीच्या पेट्यांमागे
पिवळा पडलेला तो जुना कॉम्प्युटर होता,
स्वीडनच्या कुठल्याशा शाळेने देऊन टाकलेला.
सीडी लिहायचा ड्राइव्ह शेजारच्या नोटरीकडून मागून आणला.
बटण दाबल्यावर आधी वास आला, मग आवाज.
आतली बॅटरी कधीच मेलेली;
त्याच्या मते आज एक जानेवारी एकोणीसशे चार.
असू दे.
त्याने इमेज घेतली,
काही न विचारता.

फेब्रुवारी. चोवीस, चोवीस, तेवीस.
शेऱ्यांचा रकाना हेल्डुरसारखाच, तुटक.
दुधाची गाडी गेली. वारा. कुत्रा सापडला.
आणि सव्वीस तारखेला:

२१. मुलगी, निळी सायकल. परत पाठवली. रडली.

विर्वे खुर्चीत मागे टेकली.
तीस वर्षं ती सगळ्यांना सांगत आली होती
की बारा वर्षांची असताना, एकटी,
ती सायकलने समुद्र ओलांडून गेली,
मावशीने दारातच तिच्या हातात गरम पाव दिला,
बोटं इतकी सुन्न की तो खाली पडला.
त्या पावाचा वाससुद्धा तिला येतो.
आत्ताही आला.

वरच्या मजल्यावर नव्या यंत्राने विचारलं असेल,
आणखी एक अपडेट तयार आहे, आज रात्री करू का?
इथे खाली नेटवर्क नाही, प्रिंटर नाही.
तिने वही उघडली, पेन्सिलीला टोक काढलं
आणि रकाने आखून उतरवायला बसली.
चोवीस. चोवीस. तेवीस.
सव्विसाव्या ओळीवर जरा थांबली.
मग एकवीस लिहिलं,
आणि पुढचं, जसं होतं तसं.