हातचा एक

भट्टीचा पाचवा दिवस.
पहाटे तीनपर्यंत लाकूड सारायची पाळी माझी,
पुढची बाबांची. पण ते झोपत नाहीत,
विटांच्या फटीतून आत बघत बसतात.
आत तीन क्वेव्री,
माणूस उभा मावेल एवढे रांजण,
एक वळी चढवायची, ती आवळेपर्यंत थांबायचं,
मग पुढची,
असे दोन महिने वाढवलेले.

माझ्या मांडीवर लॅपटॉप.
कुताइसीला लेक्सो सरांनी शिकवलेलं चार ओळींचं लूप :
एक, वजा एक तृतीयांश, अधिक एक पंचमांश,
वजा एक सप्तमांश,
आणि शेवटी सगळ्याची चौपट.
पहिल्या फेरीत उत्तर चार.
दुसरीत पावणेतीनच्याही खाली.
तिसरीत साडेतीनला टेकायला आलं,
चौथीत पुन्हा तीनच्या आत.
लग्नाहून परतणारे बिद्झिनाकाका असेच येतात,
रस्ता मधोमध,
आणि ते कधी या कुंपणाला, कधी त्या.
हजार फेऱ्या झाल्या तरी
दशांशाची दोनच घरं खरी.

बाबांना विचारलं, पोटाला तार किती लागते?
"आडव्या काठीच्या तिप्पट, वर एक वीत."
आणि रांजण मोठा असला तर?
"मग वीत जरा मोठी."

मी दहा लाख लिहिले, ओंडका सारला.
साल पेटायच्या आत आकडा आला :
तीन पूर्णांक एक चार एक पाच नऊ एक.
पुस्तकात तिथे दोन आहे.
वाटलं, आता पुढचं सगळं ढासळलं असणार.
तर नाही. सहा पाच तीन पाच आठ नऊ,
सगळे आपापल्या पाटावर.
मधलं एकच घर चुकलं, तेही एकाने.

एक लाखावर थांबून पाहिलं.
चूक एक घर अलीकडे सरकली.
एकाचीच.

म्हणजे हातचा कुणी गिळला नव्हता.
मी जिथून उठले, तिथेच तो बसून होता.

सातव्या रात्री बाबा म्हणाले, "बस."
कशावरून, विचारलं.
"मक्वाला, माती आण."
भट्टीचं तोंड लिंपून झालं.
ओल्या चिखलात त्यांचा अंगठा उमटला होता.
त्यांनी पाहिला,
पुसला नाही.