नदीपासून अंतर

फॉर्मवरचा चौथा रकाना : घर नदीपासून किती अंतरावर?
मी विचारलं, कुठल्या महिन्यात?
प्रणोती हसली नाही. नाशिकहून स्कूटीवर आलेली पोर,
चाकांना सायखेड्याचा काळा चिखल,
पेनाचं टोपण दातात.
म्हणाली, काका, फुटात सांगा.

चैत्रात म्हणशील तर अडीचशे पावलं,
मध्ये बाभळी, वाळत घातलेल्या गोधड्या, पोरांचं क्रिकेट.
भाद्रपदात उंबऱ्यापासून मोजायचं की ओट्यापासून
ते तूच ठरव.
तिनं पेन्सिलीनं सहाशे लिहिलं,
खोडलं,
परत सहाशेच लिहिलं.

चौतीस वर्षं खांबांवर चढलो मी. वायरमन.
गावातला कुठला खांब आधी बुडतो, पाठ आहे.
म्हणून आमच्याकडे दिव्याची बटणं डोक्याच्याही वर,
पाहुणे अंधारात भिंत चाचपत राहतात
आणि शेवंता आतून ओरडते : वर! अजून वर!
मीटर तर माळ्याला टेकलेलं, देव्हाऱ्याच्याही वर.
देवांनी मनाला लावून घेतलं नाही,
तेही दोनदा माळ्यावर राहून आलेत.

आमचं हवामान खातं म्हणजे मेव्हणा.
पंचवटीत भांड्यांचं दुकान, गंगेपासून हाकेवर.
"दुतोंड्याच्या गुडघ्याला लागलं," म्हणाला की आम्ही चहा टाकतो.
"कमरेला," की शेवंता गव्हाची कोठी हलवून बघते.
"गळ्याशी,"
की गाद्या वर, शेळ्या शाळेत,
आणि धरणातून किती क्युसेक सुटले ते टीव्हीवर येईतो
निम्मा संसार शिडीवर असतो.

तिनं नकाशा पसरला.
निळी रेघ देवळामागून जात होती,
लाल रेघ आमच्या न्हाणीतून.
लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, ती म्हणाली.
पोरी, माझं वय अडुसष्ट,
माझी शंभर वर्षं तीनदा होऊन गेली.

तेव्हा तिनं शेवंताकडून मूठभर ज्वारी मागितली.
नव्व्याण्णव दाणे मोजले, त्यात एक उडीद टाकला,
वाटी पदराखाली धरायला लावली.
दर वर्षी न बघता एक दाणा काढायचा.
काढला की परत टाकायचा.
"परत कशाला?" शेवंतानं विचारलं.
"नदी गेल्या वर्षीचं लक्षात ठेवत नाही, काकू."

शेवंतानं अकरा वेळा हात घातला. ज्वारीच.
बाराव्यांदा वाटी माझ्याकडे सरकवली,
म्हणाली, तुमचा हात जड आहे, तुम्ही नका काढू.
आणि लगेच, हप्ता किती?

मग बारीक अक्षरांतलं.
जागेचे पैसे मिळत नाहीत, भिंतींचे मिळतात.
सामानाचं वेगळं लिहायचं.
पहिले दहा हजार तुमच्याच खिशातून.
भिंतीला वर्षानुवर्षं चढलेली ओल म्हणजे पूर नव्हे.
"आणि मारुतीच्या गळ्याशी पाणी आल्यावर
मला फोन करू नका. तेव्हा उशीर झालेला असतो."
हे मात्र ती हसून म्हणाली. मी हसलो नाही.

कागद कुठे ठेवायचे यावर रात्री भांडण झालं.
माळा, ट्रंक, शाळेचं कपाट,
शेवटी ठरलं, सिन्नरला लेकीकडे.
तिच्याकडे नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं,
कागद सुखरूप राहतील.

फोटो मात्र आजच हवे होते.
फ्रिज, शिलाई मशीन, लोखंडी कपाट,
एकेका वस्तूचा, उजेडात.
शेवंता केस नीट करून कपाटाशेजारी उभी राहिली.
प्रणोती म्हणाली, काकू, फक्त कपाट हवंय.
मी म्हणालो, अगं, बाजूला हो.
ती "बरं" म्हणाली
आणि कपाटाच्या मुठीवर हात ठेवून
तशीच उभी राहिली.