कोरडा चमचा

मेंढीच्या शेपटीची चरबी उकळून ठेवलीय सासूबाईंनी,
बोटभर, पांढरी, काडीला बांधलेली.
"माझी पाचही पोरं हीच चोखून वाढली,
तिसऱ्या महिन्यापासून. विचार माळावर कुणालाही."
आता माळ कुठला. उलानबातरच्या टेकडीवर
एकाला एक खेटून तंबू, फळ्यांची कुंपणं,
आणि फेब्रुवारीचा धूर,
पाहुण्यासारखा येतो नि जायचं नाव घेत नाही.

दवाखान्यातल्या ओयुन्गेरेलनं
कागदावर सहा गोल काढून दिले.
पाच काळे केले, सहावा तसाच ठेवला.
"मान धरते? टेकून बसते?
चमचा लावला तर जिभेनं बाहेर ढकलते?"
ढकलते, म्हटलं. पण रात्री चारदा उठते.
ती म्हणाली, उठू दे.
तिला कुठे उठायचं होतं!

खुलान पाच महिने अकरा दिवसांची.
तिचा बाप कोळशाचा ट्रक घेऊन सीमेवरच्या रांगेत.
"तू ठरव," म्हणतो फोनवर.
चार दिवस रांग हललेली नाही,
वाट बघायचं त्याला आता काही वाटत नाही.

मी काय ठरवू?
एप्रिलात कारखान्यात परत जायचंय,
लोकरी टोप्यांना काठ शिवायला.
म्हणजे घाई मलाही आहे.
आणि दुसरं,
जे कुणाला सांगितलं नाही:
आज ती जेवढी आहे,
मनगटावरची वळी, मांडीवरचा खळगा,
ते सगळं माझ्यातून गेलेलं.
एक दाणासुद्धा दुसऱ्या कुणाचा नाही.
पहिला चमचा आत गेला
की गवत शिरेल तिच्यात, मीठ, बटाटा,
कोपऱ्यावरचा दुकानदार.

काल सासूबाईंनी न विचारता
काडी तिच्या ओठांना लावली.
मी पाठमोरी, चहा ढवळत होते. तरी कळलं.
तंबू गोल असतो, त्यात पाठ अशी नसतेच कुणाला.
खुलाननं चाखलं, कपाळाला आठी घातली,
आणि फाटकी नोट परत करावी तसं
जिभेनं बाहेर सरकवलं.
पुन्हा लावलं. पुन्हा परत.
"हट्टी आहे, तुझ्यावर गेलीय,"
असं म्हणून म्हातारी ती काडी
स्वतःच चोखत बसली, डोळे मिटून.
दोघींच्यात मिळून दात एक नव्हता.

आज सकाळी मी दूधभात खात होते,
ती मांडीवर.
माझा हात वर गेला, तिची नजर वर.
खाली आला, खाली.
तिसऱ्या घासाला तिनं तोंड उघडलं,
माझ्या आधी.

घास हवेतच राहिला.
सासूबाईंनी पाहिलं, आणि पहिल्यांदाच
काही बोलल्या नाहीत.
कागदावर सहावा गोल पांढरा,
एकोणीस दिवस बाकी.
भात केव्हाच निवला होता,
मी आपली फुंकतच राहिले.