मेख

मेख अशी होती
की मेखा माझ्याकडे होत्या,
आणि त्या राहिल्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात,
फ्रीजवर, निळ्या पिशवीत, तांदळाच्या डब्याला टेकून.

हे कळलं शनिवारी संध्याकाळी,
बस सोडून चार तास चालल्यावर,
दलदलीत दोनदा गुडघ्यापर्यंत रुतल्यावर,
तळ्याकाठी तंबू पसरल्यावर.
(माझा डावा बूट त्या दलदलीत जे पाणी प्यायला
ते त्याने बुधवारपर्यंत परत दिलं नाही.)

कोणी काही बोललं नाही.
इग्नासियोने हळू शीळ घातली.
क्वाबेनाने चष्मा पुसला, जो स्वच्छच होता.
आपल्याकडे एव्हाना कुणीतरी
माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या
आणि मग आम्ही पोट धरून हसलो असतो.
ही सभ्य शांतता कुठे ठेवायची
ते मला नॉर्वेत येऊन सहा आठवडे झाले तरी कळत नाही.

"दगड आहेत की," सुनिवा म्हणाली,
जणू तिनेच ते आदल्या रात्री आणून ठेवले होते.
मग आम्ही दगड वाहिले,
शेवाळलेले, पोटाशी थंडगार.
एकाखालून बेडूक निघाला
आणि घरमालकासारखा माझ्याकडे बघत राहिला.

रात्री वारा आला.
कापड दुकानातल्या गिऱ्हाइकासारखा
आधी पोत चाचपत,
मग ओढून बघत.
दोनच्या सुमारास माझ्या कोपऱ्यातला दगड सरकला.
मी हात बाहेर काढला,
कोपरा मुठीत धरला
आणि तशीच पडून राहिले.
कुणाला उठवलं नाही.

चार तास मी मेख होते.

त्या चार तासांत काय काय आठवलं म्हणून विचाराल,
तर काही नाही.
बोटं बधिर झाली.
इग्नासियो झोपेत स्पॅनिशमध्ये कुणाशी तरी भाव करत होता,
आणि बहुतेक हरत होता.

सकाळी धुकं, आणि धुक्यात घंटा.
मग घंटेमागून पिवळ्या रेनकोटातली एक म्हातारी,
टोरबयोर्ग नावाची, हातात काठी.
तिने आमचे दगड पाहिले, काहीतरी विचारलं.
सुनिवाने भाषांतर केलं:
"म्हणते, हा तंबू आहे की थडगं?"
मग म्हणाली, चार मेंढ्या वरच राहिल्यात,
बर्फाआधी खाली न्यायच्यात,
आणि तुम्ही चौघे रिकामे दिसताय.

पिवळ्या पडलेल्या भूर्जांमधून
आम्ही रांग करून पसरलो.
क्वाबेना त्याच्या ट्वी भाषेत हाका मारत होता,
इग्नासियोची शीळ आता कामाला आली.
मला एक मेंढी दिसली,
खडकाच्या वळचणीला, ओली, हट्टी.
"कम," मी म्हटलं. "कम हिअर, प्लीज."
तिने मानही वर केली नाही.

मग ते आपोआपच निघालं, कुठून कुणास ठाऊक:
"ए बये! चल गं, उशीर होतोय!"

इतक्या मोठ्याने
की पलीकडच्या कड्याने "होतोय" परत केलं.
सहा आठवडे मी मराठी फक्त फोनवर बोलले होते,
तीही दबक्या आवाजात,
भिंती पातळ म्हणून.

मेंढी माझ्याकडे आली वगैरे नाही.
तिने मला नीट पाहून घेतलं
आणि चालू लागली, पण खालच्याच वाटेने,
आणि मी तिच्या मागून, ओल्या बुटात फचफच करत,
तिला बडबडत राहिले,
कालच्या मेखांसकट सगळं.

बसमध्ये सुनिवाने खिडकीबाहेर बघत विचारलं,
"हात दुखतोय?"
मी म्हटलं, कुठला हात?
"रात्री तू कोपरा धरलास ना,
मग मी दुसरा धरला."
आणि तिने तिची बोटं दाखवली,
माझ्याइतकीच आखडलेली.
आम्ही दोघी जाग्या होतो,
दोन हातांच्या अंतरावर,
आणि एकमेकींना झोपेतून उठवू नये म्हणून
श्वाससुद्धा हळू घेत होतो.

आता मात्र मी हसले. पोट धरून.
तिला कारण सांगता येईना.

टोरबयोर्गने खाली मोजल्या तेव्हा तीन भरल्या होत्या.
चौथी अजून वर आहे.